पेटीवर टाकलेल्या अक्षता

प्रिय मामा,

सासऱ्याला कोण पत्र लिहितं हो? एका घरात राहत होतो तेव्हा गरजच नव्हती. स्वयंपाकघरातून हाक मारली की तुम्ही ओ द्यायचा. आता हाक मारून उपयोग नाही, आणि एक गोष्ट तीन आठवडे पोटात आहे. ह्यांना सांगून झाली, कृष्णप्पा अण्णांना सांगून झाली. ज्यांची वस्तू त्यांनाच सांगायची राहिली, म्हणून बसले लिहायला. माझी शाळा आठवीपर्यंतच, तेव्हा चुका असतील. तुम्ही कधी हसला नाहीत, आता पण हसू नका.

मामा, तुमची पेटी मी बिघडवली होती.

रिटायर झाल्यावर फॅक्टरीतून भंगारात निघालेली ती कॉम्प्युटरची काळी पेटी तुम्ही घरी आणली, चार डिस्क घालून उभी केली. ह्यांना वाटलं म्हातारपणाचं खूळ आहे. मला पण वाटलं. सासूबाई आधीच गेलेल्या, माणूस कशात तरी रमतंय तर रमू दे, असं आम्ही दोघं बोलायचो. घरातले सगळे फोटो तुम्ही तिच्यात भरलेत. मग तुमच्या नातीचे, तन्वीचे झटके भरायची वेळ आली.

अडीच वर्षांची होती. पहिला झटका आला तेव्हा मी तिला उचलून बोम्मसंद्राच्या रस्त्यावर अनवाणी पळाले होते, आठवतं? डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नका, पण पुढचा आला की व्हिडिओ काढा, तोंडी सांगितलेलं मला पुरत नाही. मग व्हिडिओ काढायला लागलो. माझ्या फोनमध्ये जागा कुठली? तुम्ही म्हणालात, "पेटीत घाल आणि फोनमधून काढून टाक. पेटी जपेल." दीड वर्षात एकतीस व्हिडिओ झाले. बाकी कुठंच नाहीत ते. फक्त पेटीत.

आणि यंदा डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की दिवाळीच्या आधी सगळे घेऊन या. जुने आणि नवे शेजारी शेजारी लावून बघायचे होते त्यांना. झटका तोच आहे का बदललाय, त्यावर ठरणार होतं की नवीन जोराचं औषध सुरू करायचं का नाही. त्या औषधानं लिव्हरला त्रास होऊ शकतो, दर महिन्याला सुई टोचून रक्त काढायला लागेल, असं पण सांगितलं. मी घरी येऊन दोन दिवस नीट जेवले नाही.

त्यात खंडेनवमी आली.

तुम्ही त्या दिवशी सगळ्या हत्यारांना विसावा द्यायचा. पाना, पक्कड, ड्रिल मशीन, माझा मिक्सरसुद्धा. पेटीला पण द्यायचा. पण तिला बंद करायची तुमची रीत वेगळी होती. आधी फोनवर तिचं पान उघडून थांबवायचं बटण दाबायचं, पुढचे चारही दिवे विझेपर्यंत चहा पीत बसायचं, आणि मग भिंतीवरचं बटण. हे सगळं मी बघितलेलं होतं. पण बघितलेलं आणि केलेलं ह्यात फरक असतो ना?

हे सकाळीच कंपनीची बस धुवायला गेले. तिला केळीचे खांब बांधायचे, कोहळा फोडायचा, ह्यांची ती गडबड. तन्वी झेंडूच्या पाकळ्या कुसकरत बसलेली. मी भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं. मिक्सरचं करते तसंच. पेटी फडक्यानं पुसली, पाटावर ठेवली. तुम्ही पुढच्या दारावर बोटानं हळदकुंकू लावायचा आणि एक फूल ठेवायचा, तेवढंच. मला वाटलं, तुम्ही गेल्यानंतरची पहिली पूजा आहे, जरा जास्त करावी. म्हणून ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता वरून टाकल्या, देवावर टाकतो तशा. वर जाळी आहे, तांदूळ आत जाईल, हे डोक्यातच आलं नाही.

दसऱ्याला चालू केली तर पान लाल. नीट बंद झाली नव्हती म्हणून स्वतःच तपासणी सुरू केली तिनं. दुसऱ्या दिवशी संपली. चुका सेहेचाळीस.

सेहेचाळीस म्हणजे किती वाईट? मला कसं कळणार. मी आपली एकतीस व्हिडिओ आणि सेहेचाळीस चुका, असा हिशोब मांडला, म्हणजे एकही वाचला नसणार. ह्यांनी जेवताना विचारलं, "गप का?" म्हटलं, दात दुखतोय. ह्यांनी लवंग आणून दिली. ती चघळत बसले, काय करणार.

दुसऱ्या दिवशी कृष्णप्पा अण्णांना बोलावलं. तुमच्याबरोबर इतकी वर्षं मेंटेनन्सला होते, त्यांना तरी काही कळेल म्हटलं. अण्णा चष्मा पुसत पुसत आले, फोन हातात घेतला आणि म्हणाले, "स्वल्प चूक झाली, अम्मा. काहीतरी लिहीत असताना तू करंट काढलास. इथं 'दुरुस्त कर' लिहिलंय ना, त्यावर टिक मार, परत तपास. सरी, ठीक होईल सगळं."

माझं बोट तिथंपर्यंत गेलं होतं मामा. मग तुमची वही आठवली. व्हिडिओचा नंबर, तारीख, किती सेकंद, कुठला हात, हे सगळं लिहायची ती लांब वही. तिच्या पुठ्ठ्याच्या आत तुम्ही पेटीचं लिहून ठेवलेलं होतं, मी ते कधी वाचलंच नव्हतं. "चुका आल्या तर लगेच दुरुस्त करू नये. नुसतं बघावं. दोनदा बघावं. आकडा बदलला तर काही घालू नये, काही काढू नये, पेटी उघडावी."

अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुझा मामा फॅक्टरीत पण असाच. फ्यूज गेला तरी दोनदा बघायचा. तोवर आम्ही अंधारात." पण टिक मारली नाही त्यांनी. नुसती तपासणी लावली.

दुसऱ्यांदा आकडा आला एकशे बारा.

अण्णांचं हसणं थांबलं. आपोआप वाढल्या का चुका? एका रात्रीत? अण्णा म्हणाले, "डिस्क मरत नाही अशी. पेटी वाचतानाच चुकतेय. मेमरी बघू." आणि झाकण उघडलं.

तुम्हाला काय सांगू. आत सगळीकडं लाल तांदूळ. पंख्यात, वायरींवर, आणि त्या मेमरीच्या पट्टीच्या मुळाशी दोन दाणे, ओले होऊन वाळलेले, चिकटून बसलेले. अण्णांनी एक दाणा नखानं काढला, उजेडात धरला.

"अम्मा, हे काय?"

"अक्षता."

"लग्न लावलंस काय पेटीचं?"

मला हसू पण आलं आणि रडू पण. अण्णा तुमच्या फोटोकडं बघून म्हणाले, "बघ रे, तुझी सून. पूजा एकदम जोरात." मग त्यांनी पट्टी बाहेर काढली आणि खोडरबर मागितला. घरात खोडरबर एकच, तन्वीचा, गुलाबी. पट्टीचे पिवळे दात त्यानं घासून घासून स्वच्छ केले. तन्वी बाजूला उभी, "अज्जा, माझा रबर काळा केलास." अण्णा म्हणाले, नवीन आणून देतो. दिला पण, दुसऱ्याच दिवशी, दोन दिले.

मेमरी तपासायची तुमची रीत वहीत होतीच. अख्खा दिवस चालवली, एक चूक नाही. मग परत नुसती तपासणी. अडतीस. परत एकदा. अडतीस. आकडा हलला नाही म्हटल्यावर अण्णा म्हणाले, पेटी आता खरं बोलतेय. मला वाटलं सुटलो, आता टिक मारायची. वहीत पुढं बघितलं तर तुम्ही लिहिलेलं, "चूक पॅरिटीची का सामानाची (फोटो, व्हिडिओ), ते पेटीला कळत नाही. आधी सामान उघडून बघावं. मग टिक."

तेव्हा मला वाट्यांची गोष्ट आठवली. मी विचारलं होतं, चौथी डिस्क रिकामीच दिसते, ती कशाला? तुम्ही ताटात तीन वाट्या मांडल्यात, दोन सरळ, एक पालथी. म्हणालात, "ह्या तीन डिस्क. आता चौथी वाटी अशी ठेव की पालथ्या वाट्या जोडीनं झाल्या पाहिजेत." मी चौथी पालथी ठेवली. मला तोंड फिरवायला लावून तुम्ही एक वाटी लपवलीत. "सांग, कशी होती?" एकच पालथी दिसत होती. म्हटलं, गेलेली पालथी. "झालं," म्हणालात, "हीच पॅरिटी. एक हरवली तर बाकीच्या बघून सांगता येतं." मी विचारलं, आणि हरवली नाही, नुसतीच उलटली तर? तुम्ही म्हणालात, "मग जोडी चुकली एवढंच कळतं. कुठली उलटली ते माणसानं बघायचं."

ते माणूस मीच निघाले.

मामा, खरं सांगू? मी एकही व्हिडिओ परत कधी बघितला नव्हता. काढायचा, पेटीत टाकायचा, फोनमधून पुसायचा. तन्वीचे डोळे तसे फिरलेले मला परत बघवत नव्हते. आता एकतीसच्या एकतीस पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचे, मध्ये कुठं अडकतो का, चित्र फुटतं का, वहीतल्या सेकंदांशी जुळतं का. तन्वी शाळेत असायची त्या वेळात बसले. पहिल्या दिवशी तीन झाले आणि उठून भांडी घासायला गेले. भांडी घासलेलीच होती.

ह्यांना तेव्हा सांगितलं सगळं. मला वाटलं, ओरडतील. ह्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारची ड्युटी बदलून घेतली, वही घेऊन माझ्याशेजारी बसले. ह्यांना पण बघवत नव्हतं, म्हणून ह्यांनी वहीतच डोळे ठेवले आणि मी फोनवर. हे वाचायचे, "सहावा. एक मिनिट दहा. डावा हात आधी." मी बघून सांगायची, बरोबर. "सातवा. पंचावन्न सेकंद. उलटी झाली." बरोबर.

नववा अर्ध्यात फुटला. चित्र हिरवं हिरवं झालं आणि बंद. म्हटलं, हाच तो, वाटी उलटली ती ही. ह्यांनी वहीचं पान उलटलं, आणि खाली तुमच्या बारीक अक्षरात, "नववा अर्धाच आहे. फोन बंद पडला. पेटीत तसाच घातला." तुम्ही ते पण लिहून ठेवलं होतं. हे म्हणाले, "बाबांनी फुटका पण जपलाय."

आणि मामा, त्या सगळ्यात तुमचा आवाज आहे. मला माहीतच नव्हतं. म्हणजे तुम्ही मोजायचा ते माहीत होतं, पण तेव्हा ऐकायला मी कुठं जाग्यावर होते? व्हिडिओत मी ओरडतेय, मामा बघा ना, मामा काहीतरी करा ना. आणि तुम्ही तिला कुशीवर घेऊन मोजताय. एकवीस, बावीस, हात सोड तिचा, दाबू नको, चोवीस, पंचवीस. माझं ओरडणं वाढलं तरी तुमचा आवाज वाढत नाही. मी इतकी ओरडत होते हे मला आताच कळलं. तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत की गप बस.

शेवटचे चार तुमच्यानंतरचे, वहीत मी जमेल तसे लिहिलेले. त्यात कोणीच मोजत नाही. नुसता माझा श्वास ऐकू येतो.

चार दुपारी लागल्या. एकतीस जुळले. नववा पण जुळला म्हणायचा, वहीत आहे तसाच आहे. बाकीचे फोटो ह्यांनी बघितले. म्हणजे सामान ठीक होतं, चौथ्या डिस्कचंच बंद करताना चुकलं होतं. तेव्हा टिक मारली. दुसऱ्या दिवशी परत नुसती तपासणी, आणि शून्य आलं. अण्णांना फोन केला तर म्हणाले, "सरी, आता नारळ फोडू नको तिच्यावर."

परवा डॉक्टरबाईंकडं गेलो. पेन ड्राइव्हमध्ये सगळे भरून नेले, वही पण नेली. बाईंनी जुना आणि नवा शेजारी लावला. तन्वी खुर्चीवर पाय हलवत बसलेली, स्वतःलाच बघत होती, तिला काही वाटलं नाही. मी ह्यांचा हात धरून ठेवला होता. बाईंनी दोनदा बघितलं. तुमच्यासारखंच दोनदा. मग मला विचारलं, "तुमच्या डोळ्यांना काय दिसलं?" मी कोण सांगणारी? पण आता मी सगळे बघितलेले होते. म्हटलं, "डोळे कायम डावीकडंच जातात बाई. हात पण डावाच आधी. पहिले दीड-दोन मिनिटं चालायचे, आता चाळीस सेकंदात थांबतो." बाई म्हणाल्या, "मला पण तेच दिसतंय. प्रकार तोच आहे, कमी होतोय. नवीन औषध नको. आहे तेच वजनाप्रमाणं वाढवू."

नको म्हणाल्या मामा. नको.

वही त्यांनी बराच वेळ चाळली. विचारलं, कोणी लिहिली? हे म्हणाले, माझ्या वडिलांनी. बाईंनी तुमचं अक्षर ह्यांना परत दाखवलं, जसं काही ह्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

आता एक तक्रार. रागावू नका. तुम्ही सारखं म्हणायचा, एक डिस्क गेली तरी चौथी सगळं परत उभं करेल. खरं आहे. पण पेटीच जळली असती तर? माझ्या कुंकवाच्या पाण्यानं चारही डिस्क एकदम गेल्या असत्या तर? तुम्ही एवढं दोनदा बघणारे, दुसरीकडं एक नक्कल ठेवायचं कसं सुचलं नाही? मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "तो म्हणायचा, करतो, करतो." तुम्ही पण करतो करतो म्हणणाऱ्यातलेच निघालात. बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला बोलू.

तेव्हा हे सांगून ठेवते. नणंद एअरपोर्टजवळ देवनहळ्ळीला आहे, दोन सुट्या डिस्क घेऊन एक तिच्या कपाटात ठेवणार आहे, एक इथं. दर महिन्याला इथं नवीन भरायचं, हे एअरपोर्टच्या फेरीला जातील तेव्हा तिथली आणायची, इथली द्यायची. महिन्याची तपासणी चुकवणार नाही. खंडेनवमीला दिवे विझेपर्यंत चहा पीत बसेन. अक्षता देवाला, पेटीला एक फूल.

भीती गेली का? नाही गेली. तन्वी जरा एकटक बघायला लागली की मी अजून हातातलं टाकून धावते. पण पुढचा झटका आला तर फोन हे धरतील आणि मोजणार मी. आवाज न चढवता. जमेल का माहीत नाही, पण मोजणार मीच.

आणखी एक. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "ह्या सगळ्यात मुलगी आजारीच दिसते. पुढच्या वेळी चांगल्या दिवसाचे पण आणा. चालते कशी, बोलते कशी, ते पण बघायचंय मला." एकतीस व्हिडिओ आणि एकात पण ती हसत नाही. चांगल्या वेळी फोन काढायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही, तुम्हाला पण नाही.

काल काढला पहिला. गॅलरीत उभी राहून शेजारच्या अक्कांच्या मांजराला कन्नडमध्ये शिव्या देत होती, मग माझ्याकडं बघून मराठीत, "मी काही नाही केलं." पेटीत घातला. वहीत पण लिहिला. बत्तिसावा. पण पुढं काय लिहायचं? कुठला हात, किती सेकंद, असं काही बसेना. तुमच्या रकान्यात हे मावत नाही. मग नंबरापुढं नुसतं लिहिलं, "मांजराशी भांडण. दोन मिनिटं. दोन्ही बरी."

चालेल ना?

तुमची सून,
रेखा